दोन वरसाचा बोर्ड

३ सप्टेंबर

लॅपटॉप पुन्हा बंद! भर रेंडरमध्ये, म्हणजे घराचं चित्र तयार होता होता. एकोडीच्या कोणाचा तरी दुमजली बंगला — समोर जाडजूड खांब, फाटकावर दोन सिंह, गच्चीला स्टीलचं रेलिंग — अर्ध्याहून जास्त झाला होता आणि स्क्रीन काळी. हात लावून पाहिलं. पोळी शेकता येईल इतका तापलेला.

लगेच बाबूलालजींचा फोन. 'तृप्ती, तुया लॅपटॉपसाठी लोकं घर बांधाचे थांबत नाई व!' माणूस वाईट नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून घरी बसले होते, तेव्हा भंडाऱ्याच्या या एकट्या ठेकेदारानं विचारलं होतं — घर बांधायच्या आधी कसं दिसेल त्याची चित्रं करून देशील का? तेव्हापासून देते आहे. इथं अड्याळला, मधल्या खोलीत बसून. तुमसरपासून पवनीपर्यंत किती घरं उभी राहिली, ती आधी माझ्याकडे उभी राहिली होती.

बाहेर तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा — खाऊ-पैसे — मागून राहिली आणि मी लॅपटॉपला वर्तमानपत्रानं वारा घालून राहिले.

ठरलं. नवीन घ्यायचा. लॅपटॉप नाही — पूर्ण कंप्युटर. एकेक भाग निवडून, स्वतः जोडून.

५ सप्टेंबर

प्रोसेसर ठरला. रॅम ठरली. अडलं ते मदरबोर्डावर, सगळे भाग ज्याच्यावर बसतात त्या पाटीवर.

स्वस्तवाल्याला रॅमसाठी दोनच खाचा. प्रोसेसरला वीज पोचवणारा भाग उघडा, त्यावर थंडावा द्यायला काहीच नाही. बिलं टाइप करा, सिनेमा पाहा — त्याला पुष्कळ. महागवाल्याला चार खाचा, ड्राइव्हला जास्तीच्या जागा, वीज पोचवणाऱ्या भागावर ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे. पुढे प्रोसेसर बदलावासा वाटला तरी बोर्ड तोच चालेल.

खरं सांगायचं तर महागाच्या किमतीत नखरेही आहेत. रंगीत दिवे! दिव्यांनी रेंडर लवकर होत नाही. पण ठोकळ्यांनी फरक पडतो. माझं काम तासन् तास एका दमात चालणारं. बोर्ड तापला की तो प्रोसेसरची वीजच कमी करतो. म्हणजे बाजारातून दणकट बैल आणायचा आणि त्याला अर्धपोटी नांगराला जुंपायचा.

६ सप्टेंबर

रीनाला विचारलं. डिप्लोमाला माझ्या शेजारी बसायची, आता नागपूरला नोकरी. म्हणाली, 'बाकी सगळा मंग बदलता येते. बोर्ड एकदाच घे, चांगला घे.' बस. महागवाला.

८ सप्टेंबर

बाबांना सांगितलं. सांगावंच लागतं — माझ्या कामाचे पैसे बाबांच्याच खात्यात येतात. 'पोरीचा अलग खाता कायले पाह्यजे?' असं तेव्हा म्हणाले होते. मीही तेव्हा हो म्हटलं. काय फरक पडतो, घरातच तर आहे सगळं!

कंप्युटरला नाही म्हणाले नाहीत. सगळं नीट ऐकलं. चष्मा लावून मोबाइलवर दोन्ही बोर्डांचे फोटो पाहिले. मग म्हणाले, 'हा स्वस्तवाला चालत नाई का?'

'चालेल. पण चार-सहा वर्षांचा विचार केला तर —'

'चार-सहा वरसाचा इचार तू कायले करतेस? दोन वरसाचा तं सवाल आहे. मंग काय, लगन झाल्यावर घेऊन जाशीन का डोक्यावर?'

आणि हसले. आईपण हसली. वाईट मनानं नाही हसले कोणी, हेच तर! भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज.

म्हणजे माझा हिशेब असा धरलाय या घरात. दोन वर्षं. गॅसची टाकी संपायला आली की कशी आपण आधीच हलवून पाहतो.

९ सप्टेंबर

आईला म्हटलं, तू तरी बोल. म्हणाली, 'बाप घेऊन देऊन रायला ना? हट्ट नोको करू.' घेऊन देऊन राहिला! माझ्याच पैशातून!!

१४ सप्टेंबर

नागपूरला जाऊन आलो. बाबा आणि मी. सकाळच्या एस.टी.नं. बाबांनी धुतलेली टोपी घातली होती. वाटेत त्यांनी मला पेरू घेऊन दिले, खिडकीची जागा दिली. लहानपणी जत्रेला नेत तसं वाटलं थोडा वेळ.

सीताबर्डीच्या दुकानात मी यादी वाचून दाखवली. दुकानदार तरुणच. यादी माझ्या तोंडून ऐकायचा आणि उत्तर बाबांना द्यायचा. मी विचारलं, 'या बोर्डाला वीज किती टप्प्यांतून जाते?' तो बाबांना म्हणाला, 'काका, घरी यूज करणार ना? मग हा बेसिकवाला मस्त आहे.'

'मी वापरणार आहे,' मी म्हटलं. 'दिवसभर रेंडर चालतो माझा.'

'काका, ताईंना सांगा, एवढा लोड नाही येत घरी.'

काका, ताईंना सांगा! मी काय नागपूरला पोचलेच नव्हते?

बाबांनी दोन्ही खोकी हातात घेऊन पाहिली. वजन केल्यासारखी. महागवालं खाली ठेवलं. म्हणाले, 'बेसिकवाला द्या.' माझ्याकडे न पाहता.

परतीच्या गाडीत बोर्ड माझ्या मांडीवर होता. बाबांना झोप लागली. मला पेरू खाववेना.

१५ सप्टेंबर

जोडला. पूर्ण मीच जोडला. जमिनीवर चादर पसरून सगळे भाग मांडले. प्रोसेसर खाचेत बसवून दांडी खाली दाबली तेव्हा कर्रकन आवाज आला. बाप रे! मोडला वाटलं. मोडला नव्हता, तो आवाज तसाच येतो म्हणे.

बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन उजळली. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. आई पदराला हात पुसत आली, 'झाला का व चालू?' म्हणाली, आणि कंप्युटरला हळद-कुंकू लावून गेली.

आनंद झाला. का लपवू! पण काचेतून आत पाहिलं की तो उघडा बोर्ड दिसतो. दोन वर्षांचा.

२२ सप्टेंबर

जे म्हटलं होतं तेच! एकोडीचा बंगला लावला. पहिला थोडा वेळ सुसाट. मग हळू, हळू, हळू. प्रोसेसर निम्म्या दमावर आला. आत बोट नेलं तर बोर्डाचा तो कोपरा नुसता भाजतोय.

कॅबिनेटची बाजूची काच काढून ठेवली आणि जेवणाच्या खोलीतला टेबलफॅन आणून समोर लावला. मशीन पुन्हा पळायला लागली. आता रोज हेच — फॅन कंप्युटरला, आणि आम्ही जेवताना घामाघूम. बाबा घाम पुसत जेवले. बरं वाटलं मला! हो, वाटलं. त्यांना उकडतंय याचं बरं वाटलं.

२७ सप्टेंबर

करडीचे भैयाजीमामा येऊन गेले. आईचे भाऊ. बाबांशी अंगणात खाट टाकून बसले होते बराच वेळ. चहा न्यायला गेले तर दोघंही गप्प झाले. स्थळ असणार. दुसरं काय असतं यांच्या झोळीत.

१ ऑक्टोबर

अजब! बाबा जेवता जेवता म्हणाले, 'थो महागवाला बोर्ड कोनता होता? मोबाइलमंदी टाकून दे मले.'

मी घास हातात धरून बसले. 'कशाला?'

'तुले पाह्यजे होता ना?'

५ ऑक्टोबर

बाबा आज एकटेच नागपूरला गेले होते. आत्ता आले. पिशवीत खोकं! मी नाव दिलं होतं त्याहीपेक्षा वरचा बोर्ड आहे. पांढराशुभ्र. वाय-फाय आतच. ठोकळे तळहाताएवढे. चारी खाचा, कडेला दिव्यांची पट्टी. यातलं अर्धं मला नको होतं, तरी पाहतच राहिले.

'जमला ना?' बाबांनी विचारलं. बुटाची नाडी सोडता सोडता, खाली मान घालून.

'खूप भारी आहे बाबा.'

'मंग लाव.'

एवढंच. मी महिनाभर काय काय लिहून ठेवलंय यांच्याबद्दल. वर वाचवत नाही. माणसाला तोंडानं बोलता येत नसेल, पण पाहत होते ना रोज — फॅन, घाम, मी. पाहत होते म्हणूनच गेले ना एवढ्या उन्हाचे.

६ ऑक्टोबर

लावला. जुना काढून त्याच्या खोक्यात ठेवला. बंगला पुन्हा लावून पाहिला, अर्ध्या वेळात झाला! काच बंद, फॅन जेवणाच्या खोलीत परत. बोर्डाचे दिवे लागले तर आई म्हणाली, 'दुर्गादेवीच्या मंडपावानी दिसते.'

२१ ऑक्टोबर

बाबूलालजींकडून काही नाही. दिवाळीच्या तोंडावर कोण बांधकाम काढतं. धान कापणीला आलाय, सगळे शेतावर. मी आपली जुनीच घरं पुन्हा करून बघते, नवीन बोर्डावर. आवड म्हणून.

६ नोव्हेंबर

आज मंडई, दिवाळीनंतरची गावची जत्रा. अख्ख्या गावात पाहुणे, पाळणे, रात्री नाटक. आमच्याकडेही पाहुणे. भैयाजीमामा, त्यांच्यासोबत करडीचंच एक घर — मनकर्णाबाई आणि त्यांचा मुलगा अश्विन. तुमसरला कुठल्याशा फायनान्सच्या ऑफिसात आहे. सकाळी आईनं सांगितलं, 'मंडईले येऊन रायले, पाहून जातीन.' मंडईच्या नावाखाली काय काय खपतं.

पोहे घेऊन बाहेर गेले. मुलगा खुर्चीवर नाही! मधल्या खोलीत. माझ्या कंप्युटरसमोर उकिडवा बसून काचेतून आत पाहून राहिला. मला वाटलं, चला, निदान याला कळतं तरी यातलं. खरंच बरं वाटलं क्षणभर. मी लाइट लावला.

तो वळून भैयाजीमामांना म्हणाला, 'हव मामा, वाय-फायवालाच आहे. म्या सांगतला होता थोच.'

ताट माझ्या हातात होतं. पडलं नाही. मी नीट खाली ठेवलं.

मनकर्णाबाई म्हणाल्या, 'आमच्या इथं खिडकीपाशी जागा करून ठेवली आहे बाप्पा. पोराले गेम खेलाचा लय नाद. लाइट बी जात नाई आमच्या इथं.'

मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताच्या पंख्याकडे पाहत होते.

मी अश्विनला विचारलं, 'मी यावर काय करते, माहीत आहे तुम्हाला?'

'मामा म्हणले, शौक आहे म्हून.'

'घरांची चित्रं करते. ठेकेदाराला देते. पैसे मिळतात त्याचे.'

तो गोंधळला. बाबांकडे, मामांकडे पाहिलं. 'मले हे नव्हता सांगतला कोनी,' म्हणाला. खरंच नसेल सांगितलं. चेहऱ्यावरून खोटं नव्हतं वाटत. पण मग मी कोण म्हणून सांगितली होती त्याला? बोर्डाबरोबर येणारी?

पाहुणे नाटक बघायला गेले. मी पोह्यांची ताटं घासली. मंडईतला भोंगा इथपर्यंत ऐकू येऊन राहिला, 'बालगोपालांनी समोर बसावे.'

७ नोव्हेंबर

सकाळी आईला चुलीपाशी गाठलं. सरळ विचारलं.

आई लपवू शकत नाही काही. म्हणाली, 'तेनं गाडी नाई मांगतली. सोना नाई मांगतला. एक मशीन तं मांगतली! आन् थे बी तुयाच कामाची. तूच वापरशीन ना थिकडं जाऊन?'

'तो गेम खेळणार आहे आई.'

'थो खेलून झाल्यावर वापरशीन.'

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

मग आई हळू आवाजात म्हणाली, 'स्वस्तवाला थेइले जमत नव्हता. मामानं मशीनचा फोटो धाडला होता. तवा तुया बाबानं...' आणि भाकर थापायला लागली.

म्हणजे मी सांगितलं तेव्हा तो बोर्ड दोन वर्षांचा. अश्विननं सांगितलं तेव्हा आयुष्यभराचा! माझा घाम, टेबलफॅन, भाजलेलं बोट — यातलं काही बाबांना दिसलं नव्हतं. आणि मी ५ ऑक्टोबरला काय लिहून बसले! ते पान फाडावंसं वाटतं. नाही फाडत. राहू दे.

८ नोव्हेंबर

आज बोर्ड काढला.

दुपारी, सगळे घरात असताना. बाबा खाटेवर, मामा जायच्या तयारीत. जमिनीवर चादर पसरली, तीच. एकेक स्क्रू काढून वाटीत टाकला. प्रोसेसर उचलला, पुसला, जुन्या बोर्डावर बसवला. या वेळी दांडीचा आवाज झाला तर भीती नाही वाटली. पांढरा बोर्ड त्याच्या पिशवीत, पिशवी खोक्यात, खोकं मामांच्या हातात.

'हा अश्विनचा. त्यांनी सांगितलेला. प्रोसेसर, रॅम माझी आहे, ती कुठं जात नाही. आणि मीही जात नाही. तसं सांगा तिकडं.'

मामा म्हणाले, 'पागल झाली का व? साजरा पोरगा हातचा घालवतेस, एका बोर्डापायी?'

'बोर्डापायी मी नाही मामा. बोर्डापायी ते आले होते.'

बाबा उठले. वाटलं, मारतात की काय. कधी मारलं नाही. पायात चप्पल घातली आणि धानाच्या बांधीकडे निघून गेले. धान कापायला मजूर लागले होते, ते कारण.

आई रडली. मामा खोकं घेऊन गेले. परत करतील, विकतील, त्यांचं ते बघतील.

टेबलफॅन आणला. काच काढली. स्वस्त बोर्ड सुरू झाला, पहिल्याच दाबात. हाच बरा. याला निदान कोणी मागायला येणार नाही.

१२ नोव्हेंबर

बाबा बोलत नाहीत. ताट समोर ठेवलं की जेवतात. मीठ कमी असलं तरी सांगत नाहीत.

१६ नोव्हेंबर

करडीहून नकार आला. आम्ही नाही म्हणायच्या आधी त्यांनीच म्हटलं, असं मामा सगळ्यांना सांगून राहिले. सांगू देत. अश्विननं मला एक मेसेज टाकला, 'सॉरी, मले खरंच माहीत नव्हता.' उत्तर नाही दिलं. काय द्यायचं? त्याला नव्हतं माहीत, मला नव्हतं माहीत. ज्यांना होतं ते बांधीवर आहेत.

दिवाळी गेली, मंडई गेली. आता लोक पाये खणायला घेतील. कामं येतील. हळू झाली तरी करीन.

१८ नोव्हेंबर

शेवटी मीच फोन लावला बाबूलालजींना. म्हटलं, काम नाही का यंदा?

'काम तं लय आहे व. पन तुये बाबा आल्ते ना इथं, नागपूरले जाता जाता. बोर्ड आनाले चाललो म्हणे. पोरीचा लगन जमला, आता तिले काम नोका देऊ, थे सोडून रायली म्हणे. तुयाच लगनाची वाट पाहून रायलो होतो बाप्पा! म्या पवनीची एक पोरगी लावली तुया जागी. गरजू आहे, साजरा करते. आता तिले कसा काढू, तूच सांग?'

नका काढू, म्हटलं.